वाघोबाचे चार उजवे पाय

सकाळचे सहा वाजत होते आणि करंजवाडीच्या वळणावर पाय ठेवायला जागा नव्हती. खडकवासल्याकडच्या डोंगराला वळसा घालून वारज्याकडे उतरणारा हा रस्ता एरवी दूधवाल्यांचा, आणि सायकलवरून कोथरूडला पोळ्या लाटायला जाणाऱ्या बायकांचा. आज मात्र शहरातून आलेले हेल्मेटवाले सायकलस्वारही मोबाइल वर धरून टाचा उंचावत होते. समोर वाघोबाचा शेंदरी दगड. त्याच्यापुढची जमीन सडा घालून ओली केलेली, मधोमध एक सायकल आणि सायकलीभोवती भस्माचं रिंगण. झुडपांतून निघालेले पंजे थेट त्या रिंगणापर्यंत आले होते आणि रेघेशी थबकून परत फिरले होते. ताजे, खोल, नखांसकट.

"रात्री आले होते," व्याघ्रानंद महाराज डोळे मिटून म्हणाले. "सायकल हुंगली. हँडलचा पिवळा दोरा बघितला. म्हणाले, हे आपलंच माणूस आहे, आणि गेले."

गर्दीतून हुंकार उठला. रोहन नावाचा एक आयटीतला तरुण दर रविवारी इथे सायकल मारत यायचा. तो शेजाऱ्याला म्हणाला, "लिटरली पंजे आहेत यार. याला काय लॉजिक लावणार?"

बिबट्या होता, यात शंकाच नव्हती. दोन हिवाळे तो या पट्ट्यात फिरत होता. मागच्या वर्षी वाडीच्या पाच बाया अशाच पहाटे सायकलींवरून निघाल्या असताना तो रस्त्याच्या मधोमध उभा ठाकला होता. बायांनी सायकली एकमेकींना चिकटवल्या, दिवे त्याच्यावर धरले आणि रिकामे डबे बडवून असा काही कल्ला केला, की तो मुकाट्याने ओढ्यात उतरला. त्या पाचजणींत पुढे होती वेणूबाई. मग आठ महिन्यांपूर्वी हे महाराज वळणावर येऊन बसले आणि त्यांनी जाहीर केलं, की त्या दिवशी बिबट्याला मागे वळवलं ते आपणच, हिमालयातून. डबे बडवलेल्या बायांनाही ते हळूहळू पटलं. आपण वाचलो ते स्वतःच्या अकलेने, यापेक्षा कोणा थोराच्या कृपेने, हे मानायला माणसाला बरं वाटतं.

महाराज सायकलींना रक्षणाचा पिवळा दोरा देऊ लागले, आणि दोऱ्याबरोबर नियम आले. रात्री वळणावर कोणी थांबायचं नाही. वळणावर सायकलवरून उतरायचं. दिवा बंद, घंटी बंद, तोंड बंद. एकेकट्याने यायचं, कारण घोळक्यात देव कोणाकोणाला ओळखणार? मग दगडासमोर उकिडवं बसून कपाळ जमिनीला टेकायचं आणि उठायचं. बायांचा घोळका मोडला. त्या एकेकट्या, गुपचूप, अंधारातून जाऊ लागल्या.

आणि एकवीस दिवसांपूर्वी, कपाळ टेकलेल्या मुक्ताईवर बिबट्याने झेप घेतली.

मुक्ताई वेणूबाईची सून. बावीस वर्षांची, कोथरूडच्या एका बेकरीत कामाला. मागून दूधवाल्यांची मोटारसायकल आली म्हणून ती जिवानिशी वाचली. उजवा खांदा फाटला होता. टाके कालच निघाले होते आणि हात अजून गळ्यात बांधलेला होता. आज सासू तिला घेऊन महाराजांपुढे उभी होती.

"दोरा असताना कसं झालं, महाराज?" वेणूबाईने विचारलं.

महाराजांनी डोळे उघडले. "त्या दिवशी ती शिवण्याजोगी होती का, ते विचार तिला."

शंभर माणसं बघत होती. मुक्ताईने मान खाली घातली. ती पुटपुटली, "न्हवते."

"ऐकलंत?" महाराज गर्दीकडे वळले. "दोरा विटाळला. वाघोबांनी मारलं नाही, फक्त समज दिली. आता परवाच्या अमावस्येपासून अकरा दिवस, सूर्य उगवायच्या आत, एकटीने इथे येऊन एकशे आठ मोजेपर्यंत कपाळ टेकून राहायचं. नाहीतर पुढची पाळी घरातल्या माणसाची."

"करते मी," मुक्ताई लगेच म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती ती बिबट्याची नव्हे, आपल्यामुळे घरात काही वाईट होईल याची. सुनेच्या सायकलीला तो दोरा वेणूबाईनेच बांधला होता. मुक्ताई नको म्हणत होती, तरी दटावून बांधला होता.

वेणूबाई नमस्काराला वाकली. तिचं नाक एका पंजापासून वीतभर राहिलं. त्या पंजाच्या टाचेच्या गादीत मातीचा एक बारीक, तिरका कंगोरा उठला होता. शेजारच्या पंजातही तो होता, नेमका त्याच जागी, तेवढाच तिरका. तिसऱ्यातही. वेणूबाई उठली. सगळे फोटो काढत होते, तसे तिनेही चार काढले.

कोथरूडला अनंत सरांकडे ती अकरा वर्षं पोळ्या करत होती. सर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, स्वतःही सायकलवाले, जिभेने तिखट.

"वेणूबाई, कणकेत मीठ दुसऱ्यांदा पडलं," ते पेपरातून मान न काढता म्हणाले. "आज पोळ्या आहेत की खारे शंकरपाळे?"

वेणूबाईने हात धुतले आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "सर, तुमच्याकडचा मोदकाचा साचा हाय न्हवं, त्याला आतून चीर गेलीय. त्यातनं शंभर मोदक काढले तरी शंभरावर तीच रेघ उठती. मग ह्या जनावराच्या सगळ्या पायांवर एकच रेघ कशी?"

सरांनी चष्मा लावला. फोटो मोठे करून पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलत गेला. वेणूबाईने मग सगळंच सांगितलं. विटाळाचं, अकरा दिवसांचं, दोरा कोणी बांधला त्याचं. बोलता बोलता तिने पदर डोळ्यांना लावला.

"त्या वळणावरून मी महिन्यातून दोनदा जातो," सर म्हणाले. "दरवेळी हसायचो, मित्रांना एखादा विनोद सांगायचो आणि पुढे जायचो. मला वाटायचं, शहाण्या माणसाने एवढं केलं की पुरे. तुमच्या सुनेला माझ्या हसण्याचा काय उपयोग झाला?"

"आता काय करायचं ते सांगा."

"फोटोवर कोणी विश्वास ठेवणार नाही. तिथल्या तिथे दाखवायला हवं, आणि तेही हातात घेऊन बघता येईल असं."

वेणूबाईने ओट्यावरच्या कणकेच्या गोळ्याकडे पाहिलं. "मग ते माझ्याकडं लागलं," ती म्हणाली.

अमावस्येला वळणावर दुप्पट गर्दी होती. मुक्ताई अंधारातच निघायला उठली होती. वेणूबाई तिला जाऊ नको म्हणाली नाही, नुसतं म्हणाली, "उजाडू दे. आधी महाराजांच्या पाया पडू, मग बस." दोघी सरांच्या बरोबर पोचल्या तेव्हा रिंगणाशी नवे पंजे उमटलेले होते आणि महाराजांचा पन्नाशीचा चेला पोपट नारळ फोडत होता. वेणूबाईच्या डोक्यावर परात होती. परातीत घट्ट मळलेली, वरून पीठ भुरभुरलेली कणीक. लोकांना वाटलं, नैवेद्य आहे.

वेणूबाई थेट पंजांपाशी जाऊन बसली आणि तिने पहिल्या पंजात कणकेचा गोळा दाबला.

"हात लावू नकोस," महाराज गरजले. "वाघोबा कोपतील."

"माझ्यावर कोपू द्या. सुनंला सोडा," वेणूबाई म्हणाली आणि दुसरा गोळा दाबला.

पोपट पुढे सरसावला. अनंत सर मधे उभे राहिले. "अहो, बाई कणीक लावतायत, सुरुंग नाही. खऱ्या देवाला एवढ्याने काय होतंय? बसा तुम्ही."

पाण्याचा हात लावल्यागत अलगद चार गोळे सुटले. तिने परात उपडी घालून तिच्यावर ते ओळीने मांडले. चारी गोळ्यांवर पंजा उठून आला होता आणि चारींच्या टाचेत एकच तिरकी खाच होती. रोहन खाली वाकला. त्याने एक गोळा हातात घेतला, दुसऱ्याशी लावून पाहिला. "हे कॉपी-पेस्ट आहे," तो हळूच म्हणाला.

"एकाच वाघाचे पंजे," महाराज म्हणाले. "सारखे नसणार तर काय?"

"वाघ एका पायावर लंगडी घालत आला व्हता का?" वेणूबाईने विचारलं. "माझ्या म्हशीला दोन डावे पाय हाईत, दोन उजवे."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी आवाज चढवला, पण शिकवताना चढवत तेवढाच. "सगळ्यांनी उजवा तळहात खाली धरा. अंगठा आत दुमडा. सगळ्यांत लांब बोट कुठल्या बाजूला आलं?"

गर्दीतले अंगठे दुमडले. "डावीकडं," एक दूधवाला म्हणाला.

"मांजराच्या जातीचंही तसंच. आता जमिनीवरचे हे चार पंजे बघा. चारींचं लांब बोट डावीकडे. म्हणजे तुमच्या वाघोबांना चारही पाय उजवेच. आणि दुसरं सांगा. घरात मांजर फरशीवरून चालतं तेव्हा नखांचा आवाज येतो?"

"कुत्र्याचा येतो. मांजराचा न्हाई," मागून एक म्हातारी म्हणाली.

"कारण चालताना मांजर नखं आत ओढून घेतं. बिबट्याही तेच करतो. त्याच्या चालत्या पावलात नख उमटत नाही. इथे प्रत्येक पावलात नखं आहेत."

महाराज म्हणाले, की सिद्ध वाघाचं शास्त्र वेगळं असतं आणि पुस्तकी माणसाला ते दिसत नाही. त्यांचं बोलणं चालू असतानाच पोपट खोपटामागे एक पोतं सरकवू लागला. दूधवाल्याने ते धरलं. आतून पावसाळी बुटांची एक जोडी निघाली. दोन्ही तळव्यांना रबराचा एकेक पंजा चिकटवलेला होता आणि दोन्हींच्या टाचेत एकाच साच्यातून आलेली ती तिरकी चीर होती.

पोपटाने आधी महाराजांकडे पाहिलं, मग गर्दीकडे, आणि तो सरळ बोलू लागला. महाराज पूर्वी नवरात्रात मांडव सजवायचे. देवीच्या पुढ्यातल्या फायबरच्या वाघाचे तीन पाय पाटाला चिकटलेले होते. एकच, उजवा, भक्ष्यावर उगारलेला होता, नखं काढून. साचा निघाला तो तेवढ्याच पायाचा. रोज पहाटे पोपट बूट घालून रिंगणापर्यंत जाई आणि परत फिरे. सडा होता तो ठसा नीट उठावा म्हणून. रात्री इथे कोणी थांबायचं नाही, हा नियमही त्याच्याचसाठी.

"हे सगळं प्रतीक होतं," महाराज म्हणाले. "लोकांना धीर यावा म्हणून."

मग लोक त्यांच्या अंगावर धावून जाऊ लागले आणि सरांनाच त्यांना आवरावं लागलं. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. त्या गडबडीतही दोन बायकांनी रिंगणातलं भस्म चिमूटभर पदराला बांधून घेतलेलं रोहनने पाहिलं. असू दे घरात, काय जातंय, असं त्या म्हणत होत्या.

मुक्ताई मात्र जागची हलली नव्हती. ती सासूला आत्या म्हणे. "आत्या," ती म्हणाली, "पाय खोटे. मग मला धरलं त्ये काय व्हतं?"

उत्तर सरांनी दिलं. "ते खरं जनावर होतं, मुली. उभ्या माणसाला बिबट्या सहसा बिचकतो. त्याचं भक्ष्य त्याच्याएवढ्याच उंचीचं असतं. कुत्रं, शेळी, वासरू. तू अंधारात एकटी, आवाज न करता, खाली वाकून बसलीस. त्याला तू माणूस वाटलीच नाहीस. या माणसाने तुला नेमकं तेच करायला शिकवलं होतं, आणि आजपासून पुन्हा अकरा दिवस बसवणार होता."

"आन् माझा विटाळ?"

"बिबट्याला त्यातलं काही कळत नाही. त्याला भूक कळते."

मुक्ताईने सासूकडे पाहिलं. वेणूबाईचे हात कणकेने माखलेले होते. "तुझं काय बी चुकलं न्हवतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चुकलं असंल तर माझं. तू नको म्हनत व्हतीस, म्या ऐकलं न्हाई." मुक्ताई रडली, तेवीस दिवसांत पहिल्यांदाच.

वाडीच्या बाया आता पुन्हा घोळक्याने निघतात, दिवे लावून, मोठमोठ्याने बोलत. वनखात्याने वळणावर फलक लावला आहे: एकट्याने जाऊ नका, खाली बसू नका, पळू नका. मुक्ताई अजून सायकलवर बसलेली नाही. खांदा भरत आला, पण झुडपात पाखरू फडफडलं तरी ती दाराआड होते. आणि एखाद्या दिवशी भाजी जळली, दूध नासलं, की ती अजून विचारते, "माझ्यामुळंच का?" वेणूबाई हातातलं काम ठेवून तिला दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगते.

म्हणून वाचकहो, एवढंच मागणं आहे. जनावर जनावरासारखं वागतं, त्याच्यापासून सावध राहायचे उपाय साधे आहेत आणि ते फुकट आहेत. पण जखमी माणसासमोर उभं राहून कोणी 'तुझंच काहीतरी चुकलं' असं म्हणू लागला, तर मान खाली घालू नका. तुला हे कशावरून कळलं, ते आधी दाखव, असं त्याला तिथेच, चारचौघांत विचारा. करंजवाडीच्या वळणावर त्या सकाळी शंभर माणसं उभी होती. त्यांतल्या एकाने जरी हे विचारलं असतं, तरी त्या पोरीला आपल्या पाळीचा हिशेब गर्दीला द्यावा लागला नसता.