घरात माणसं किती

ती गेल्याचं मला सगळ्यात शेवटी कळलं. मी दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर औषधांच्या रांगेत होतो. वर आलो तर मुलगी आणि जावई डॉक्टरांशी बोलत होते आणि मला पाहून तिघंही गप्प झाले. नर्सनं मला विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कोण आहे. मी म्हणालो, बायको आहे, सतरा नंबरच्या खाटेवर. मग मुलीनं मला बाकावर बसवलं. पुढचे सगळे फोन तिनंच केले. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, बँकेला. मला कोणाला काही सांगावंच लागलं नाही.

तेव्हापासून दोन माणसं मला पाहून गप्प झाली की मनात पाल चुकचुकते.

मुलगी याच गावात राहते, दर रविवारी येते. ती गेली की घरातलं काहीतरी जागेवर नसतं. एकदा स्टूल दिसेना. विचारलं तर म्हणाली, तुम्ही चढाल आणि पडाल म्हणून नेलं. मग माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. पाचव्या महिन्यात ती म्हणाली, बाबा, आता आमच्याकडेच या, एवढं घर एकट्याला कशाला. जावई खिडकीबाहेर बघत होता. म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालेलं होतं, मला नेऊन हे घर विकायचं. मी ताकास तूर लागू दिली नाही. बघू म्हणालो.

जावयाला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात, डोळे सुजतात. ते मला लग्नाच्या बोलणीपासून माहीत आहे. कुत्रा असलेला म्हातारा ते घरी नेऊ शकणार नाहीत. मी काही कुत्र्यांचा लाडका नाही. एकतीस वर्षं विजेच्या मीटरचं रीडिंग घेत फिरलो, दोनदा पोटरी फोडून घेतली. ज्या फाटकामागे कुत्रा दिसे तिथं मी बाहेरूनच अंदाजे आकडा लिहून पुढे जायचो. पण घर हातचं जाण्यापेक्षा कुत्रा बरा.

सोडून दिलेली जनावरं सांभाळणारी एक संस्था आहे, तिथं गेलो. माझ्या पुढे एक माझ्याच वयाचे गृहस्थ होते. एकटेच राहतो म्हणाले. टेबलामागच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, आम्ही कळवू. हा आवाज मी ओळखतो. साहेब लोक असंच बोलतात आणि कधी कळवत नाहीत. माझा नंबर आला तेव्हा फॉर्मवर प्रश्न होता, घरात माणसं किती. मी दोन लिहिलं. खाली बायकोचं नाव, त्यापुढे एक फोन नंबर. पेन थांबलं नाही. इतकी वर्षं तेच लिहीत आलो होतो.

चार दिवसांनी त्यांची पाहणीवाली बाई घरी आली. तिशीची असेल, हातात वही. फाटकाखालची फट बघितली, भिंतीची उंची बघितली, उंदराचं औषध कुठं ठेवता विचारलं. लोकांच्या घरात शिरून भलतीकडे कसं बघायचं हे मला कोणी शिकवायला नको, जन्मभर तेच केलं. ही मात्र मोरीसुद्धा बघत होती. गॅस बंद करायला विसरता का, असं हसत विचारलं तेव्हा मी ठरवूनच टाकलं, हिला माझ्या मुलीनं पाठवलंय. म्हातारा एकटा राहायच्या लायकीचा आहे की नाही, याचं रीडिंग घ्यायला. जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. काकू कुठेत म्हणाली, तर बहिणीकडे गेलीय म्हणालो, बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. उलटे आकडे, उलटी अक्षरं वाचायची मला सवय आहे. 'काकू भेटल्या नाहीत' असं लिहिलं होतं, खाली दोन रेघा.

त्यांची पद्धत अशी. जनावर पंधरा दिवस घरी राहू द्यायचं, मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं सही करायची. एका नवऱ्यानं बायकोला न विचारता कुत्रा नेला आणि तिनं तो तिसऱ्या दिवशी हमरस्त्यावर सोडला, तेव्हापासूनचा हा नियम. हे ऐकल्यावर मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

कुत्री आली. म्हातारी, तपकिरी, एक कान फाटका. संस्थेत तिला मॅडम म्हणायचे, कारण ती कोणासाठी उठत नाही. राखणीला उपयोग शून्य. पोस्टमन आला, सिलिंडरवाला आला, बाईसाहेबांनी डोळा उघडून बघितलं आणि मिटला. मी मुलीला सांगितलं, दोन रविवार येऊ नकोस, घराला रंग लावतोय. ती म्हणाली, रंग? कोण लावतंय? तिलाही कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटलं असणार.

आठवडाभर मी मॅडमपासून लांबच बसलो. मग एका सकाळी पेपर वाचताना बघतो तर तिचं डोकं माझ्या पायावर. पाय मुंग्या येईपर्यंत हलवला नाही. त्या दिवसापासून शिंकांचा आणि घराचा हिशेब डोक्यातून गेला. ती परत जाऊ नये एवढंच राहिलं.

पंधराव्या दिवशी, गुरुवारी, पाहणीवाली आली. मी दोन कप धुऊन उपडे ठेवले होते, बाहेर दोरीवर एक साडी टाकली होती. तिनं सगळं बघितलं.

"काकू अजून बहिणीकडेच?"

"हो. गुडघ्याचं ऑपरेशन आहे."

"मागच्या वेळी डोळ्याचं होतं."

"डोळा झाला. आता गुडघा."

"भारी नशीब बहिणीचं," ती म्हणाली. वही मिटली. "काका, खरं सांगा. भांडून गेल्यात का? की कुत्रं नकोय त्यांना?"

मी म्हणालो, तसं काही नाही. मग फोनवरच विचारते, असं म्हणत तिनं फॉर्म काढला आणि त्यावरचा नंबर लावला.

आतल्या खोलीत कपाटात फोन वाजायला लागला.

मला माझा नंबर कधी पाठ झाला नाही, बायकोचाच आहे. आणि तो फोन मी एक दिवसाआड चार्ज करतो. बाई फोन कानाला लावून माझ्याकडे बघत राहिली. मॅडमनं मान उचलली, परत खाली टेकवली. वाजून वाजून तो थांबला.

"ती वारली," मी म्हणालो. "सात महिने झाले."

हे मी कोणाला पहिल्यांदाच सांगत होतो. बाईनं कानाचा फोन खाली घेतला. मी तिला विचारून टाकलं, तुम्हाला माझ्या मुलीनंच पाठवलंय ना?

"तुम्हाला मुलगी आहे?" तिनं फॉर्म उलटून पालटून बघितला. "इथं तर नाही. आणखी कोण कोण आहे काका, एकदाच सांगून टाका."

मी सांगितलं. जावई, शिंका, स्टूल, घर विकायचं, रांगेतले ते एकटे गृहस्थ, सगळं. आता ही पट्टा काढून मॅडमला घेऊन जाणार, अशी माझी खात्री होती. ती पट्टा हातात धरून बसलीही होती. म्हणाली, एकट्या माणसाला आम्ही देत नाही असं नाही. त्या दिवशीच्या गृहस्थांना दिलं. पण तुमच्यामागे जनावराचं काय करायचं ते ठरवून घरच्या कोणीतरी सही करावी लागते. शेजारी चालतील का, मी विचारलं. नाही म्हणाली. मुलगी आहे ना, मग मुलीचीच.

"तिला हे माहीत नाही," मी म्हणालो.

"काय माहीत नाही? कुत्री की बाकीचं?"

दोन्ही, मी म्हणालो. तिनं नवा फॉर्म दिला. सोमवारपर्यंत सही झाली नाही तर मॅडमला न्यायला येते, असं सांगून गेली.

नवा फॉर्म मी भरला. घरात माणसं किती, तिथं एक लिहिलं. आज शनिवार आहे. माझी सही झाली आहे, मुलीची राहिली आहे. तिला अजून फोन केलेला नाही.