चारशे बारा दिवस

"मावशी, त्या वकिलाचं नाव तरी आठवा," सदफ वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

भागूबाई खुर्चीच्या टोकाला टेकली होती. पदर बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. कन्नडहून पहिल्या एसटीनं निघाल्यापासून तिच्या घशाखाली पाणीही उतरलं नव्हतं.

तिचा गोकुळ हर्सूलच्या जेलात होता. आठवडी बाजारातल्या मारामारीत एकाचा जीव गेला आणि सेशन कोर्टानं गोकुळला दहा वर्षांची सजा दिली. वार दुसऱ्याचा, असं गोकुळ म्हणायचा. बाजारात असलेले दोघेतिघेही तेच म्हणायचे. हायकोर्टात अपील करायला साठ दिवस होते. निकालाची प्रत त्यानं आईकडे सोपवली. पुढं दर भेटीत ती सांगत राहिली, "टाकलंय अपील. तारीख यायचीय." सरकारच्या मोफत कायदेमदतीतून सदफ वकील जेलात गेल्या, तेव्हा कळलं, अपील दाखलच झालं नव्हतं.

"मुदत संपून चारशे बारा दिवस झालेत," सदफ म्हणाल्या. "कोर्ट उशीर माफ करतं, पण कारण पटलं पाहिजे. गोकुळ म्हणतो, माझी आई भोळी आहे, कोण्या वकिलानं तिला फसवलं असेल. तसं असेल तर तसं लिहू. पण नाव लागेल."

भागूबाईच्या जिभेवर एक नाव आलंही. कन्नडचा एक म्हातारा वकील गेल्या साली वारला होता. मेलेला माणूस काही उठून नाही म्हणणार नव्हता. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"कुणी फसवलं नाय, बाई. कागूद माझ्याच पेटीत व्हता."

सदफ यांचं पेन थांबलं.

"त्यो पिऊन आला की सुनंला मारायचा. करुणाला. एकदा तिचा हात मोडला, तर म्या दवाखान्यात सांगितलं, पाय घसरून पडली. त्यो आत गेला अन् घर निवांत झालं. पोर शिवणक्लासला जाऊ लागली. हसाया लागली. म्या रोज म्हणायची, उद्या जाते वकिलाकडं. त्यो उद्या काय उजाडलाच नाय."

"करुणाला माहीत होतं?"

"नाय. तिला कायबी म्हाईत नाय."

"मग आता का सांगताय?"

"सुनंला मारलं त्याची सजा त्याला कुणी दिली नाय. म्याच देऊन बसले. पर जे केलंच नाय, त्यापायी त्यानं किती दीस काढायचे?"

सदफ यांनी कोरा कागद पुढं ओढला. "हे लिहिलं तर गोकुळला वाचून दाखवावं लागेल, मावशी. अर्ज त्याच्या सहीनं जाणार."

"दाखवा," भागूबाई म्हणाली आणि पुन्हा उठून उभी राहिली.

तीन आठवड्यांनी अर्ज हायकोर्टात सुनावणीला निघाला. सरकारी वकिलांनी विरोध केला. न्यायमूर्तींनी विचारलं, "या बाई आल्यात का?" भागूबाई मागच्या बाकावरून उठली. हात जोडावेत की नाही, तिला समजेना.

"तुमच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय ते खरं आहे?"

"व्हय साहेब."

"आईनं कागद दडवला, यात मुलाचा दोष नाही. विलंब माफ."

पुढचं प्रकरण पुकारलं गेलं, तरी ती उभीच होती. सदफ यांनी दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

त्याच आठवड्यात ती हर्सूलला गेली. काचेपलीकडं गोकुळ येऊन बसला. वाळला होता. दोघांनी फोन कानाला लावले.

"अपील घेतलं रं कोर्टानं."

"ठावं हाय." तो काचेकडं न बघता बोलत होता. "माझी आई असं करायची नाय, म्हणून म्या हितं लोकांशी भांडलो."

भागूबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कागूद दडवाया तिनंच सांगितलं ना तुला? करुणानं?"

"नाय रं. म्या एकलीनंच केलं." तिनं दम घेतला. "ती आता घरी नाय, लांब कंपनीत लागलीय. म्याच धाडली. सुटलास तर तिच्या वाटंला जायचं नाय."

गोकुळनं फोन खाली ठेवला आणि मागं न बघता आत निघून गेला.

भागूबाईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. शिपाई जवळ आला. "मावशी, वेळ झाली."

"व्हय," ती म्हणाली. मागं एक बाई लेकराला कडेवर घेऊन ताटकळत होती. भागूबाईनं फोन पदरानं नीट पुसला आणि तिच्या हातात दिला.