ताईची जीभ

नदीचं घोटभर पाणी चाखून, वर सात कोसांवरच्या धोब्याने साबण बदलल्याचं ताई सांगायची, आणि विचारायला गेलं की धोबीही मान खाली घालून कबूल व्हायचा. अशी जीभ पाहून नदीकाठच्या तिन्ही देशांनी करार लिहिला: ज्या कारखान्याचं सांडपाणी ताई पास करील, त्याचंच कापड तिन्ही देशांत बिनजकात विकायचं. पण खालचे दोन देश दोन वर्षं सही करीनात. वरच्या देशातला सगळ्यात मोठा रंगकारखाना ताईच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. बाई त्याला पाठीशी घालणार, असा त्यांना संशय. भावाला तर तशी खात्रीच होती. विकायच्या कापडाचे गठ्ठे बांधून ठेवूनच तो कराराच्या बैठकीला आला.

टेबलावर पाच कारखान्यांच्या सांडपाण्याचे बिननावाचे पाच पेले होते. चौथ्यातला घोट ताईने जिभेवर घेतला आणि लगेच थुंकून टाकला.

“हा नापास. निळा रंग, गाळणी फाटकी. आमच्या धाकट्याचा.”

“ताई, अगं, चारशे माणसं कामाला आहेत माझ्याकडे,” भाऊ कळवळला.

“आणि खाली हे पाणी पिणारी किती, ती मोजलीस? गाळणी बदल, मग बोलाव. येईन चाखायला.”

भावाला तोंड कुठे लपवावं कळेना. तेवढ्यात खालच्या दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी मुकाट्याने पेनं काढली आणि सह्या केल्या. भावाने मनातल्या मनात बहिणीला चार शिव्या हासडल्या, मग शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणाला, “सख्खी बहीण आहे हो माझी.”