पट्टीची फुली

एकतीस वर्षांत मी एकोणीस वेळा डॉक्टर झालो. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा, मान हलवायची. संपला रोल. रस्त्यात लोक अडवतात, "अहो, तुम्ही ते हे ना?" विचारतात, आणि ते हे म्हणजे कोण, ते त्यांनाही सांगता येत नाही. चिडणार कुणावर? हसतो आणि पुढे जातो.

त्यामुळे या मालिकेत हीरोचा थोरला भाऊ झालो आणि मला सलग दोन पानांचं बोलणं मिळालं, तेव्हा आमच्या घरी आठ दिवस दुसरा विषय नव्हता. बाप गेल्यावर शाळा सोडून ज्याला वाढवलं, तोच धाकटा राहतं घर विकायला निघालाय, आणि थोरला पहिल्यांदा तोंड उघडतो, असा प्रसंग. बायको भाजी चिरता चिरता धाकट्याची वाक्यं म्हणायची. आठव्या दिवशी तिने सुरी खाली ठेवली. "आज घसा भरून आला तुमचा. तिथेही अस्साच येऊ दे."

सेटवर आधी हीरोचे क्लोजअप घेतात, हा अलिखित कायदा. त्या वेळी समोरच्या नटाने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे हीरोच्या चेहऱ्यावर भाव उमटतात. याला क्यू देणं म्हणतात. मी दिला. सात टेक, सातही वेळा जीव ओतून. सातव्याला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अर्थात त्याच्यासाठी.

मग लाइट फिरवले, माझी पाळी आली, आणि बघतो तर धाकटे बंधू गायब! जिमची वेळ झाली होती म्हणे. सहायक दिग्दर्शिकेने लाइटच्या स्टँडवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली लावली. "काका, इकडे बघून बोला. त्यांची वाक्यं मी वाचते."

वाचली तिने, वाणसामानाची यादी वाचावी तशी. तिचा बिचारीचा काय दोष? मी दिग्दर्शकाकडे गेलो.

"काका, तुम्ही मुरलेले कलाकार," तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "तुम्हाला कशाला हवाय समोर माणूस?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गिळलं. फुलीलाच भाऊ मानलं आणि बोललो, एका टेकमध्ये.

तो भाग लागला त्या संध्याकाळी बायकोने तिच्या बहिणीला आणि शेजाऱ्यांना बोलावलं होतं. माझं बोलणं सुरू झालं. आवाज माझा, पडद्यावर तोंड त्याचं! दोन्ही पानं संपेपर्यंत तो रडत होता. माझा कान तेवढा दोनदा दिसला.

"किती छान रडतो नाही हा!" मेहुणी म्हणाली.

बायकोने टीव्ही बंद केला. "ते रडू यांचं आहे," ती म्हणाली आणि आत निघून गेली. शेजाऱ्यांना काही कळलं नाही. मला तिच्या मागे जायचं धाडस झालं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आम्हा भावांचा प्रसंग होता. आधी त्याचा क्लोजअप.

"काका, क्यू द्या."

मी सहायक दिग्दर्शिकेकडून पट्टी मागून घेतली, स्टँडवर माझ्या हाताने फुली चिकटवली आणि खुर्चीत जाऊन बसलो. "इकडे बघून बोलायला सांगा त्यांना. मुरलेले कलाकार आहेत."

नऊ टेक झाले. फुलीकडे बघून साहेबांच्या डोळ्यांत टिपूस येईना. ते पाय आपटत बाहेर गेले, तसा दिग्दर्शक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. या खेपेला मोबाइल खिशात होता.

"काका, लेखकाला एक फोन केला, तर उद्या थोरल्याला अपघात होईल. दवाखान्यात एक सीन, की संपलं."

"करा फोन," मी म्हणालो. "फक्त चष्मा काढून मान हलवायला दुसरा कुणीतरी बघा."