गंगीचे पहिले रिंगण

इसवी सन २०२५, चैत्र महिना. जिल्हा यवतमाळ, तालुका उमरखेड, गावाबाहेरचे बाजारमैदान. येथे, ऊन तापण्याआधी, जवळच्या बंजारा तांड्यावरील भावसिंग राठोड याने आपली अडीच वर्षांची घोडी गंगी प्रथमच प्रदर्शनात उतरवली.

निकालावर काय अवलंबून होते, ते आधी सांगितले पाहिजे. वरातींना घोड्या पुरवणाऱ्या मुजफ्फरचा गंगीवर फार दिवसांपासून डोळा होता. माणूस सज्जन, जनावराला उपाशी ठेवणारा नव्हे. तथापि दर लग्नसराईत गंगीच्या पाठीवर नवा नवरदेव चढावा, ही कल्पनाच भावसिंगाला सोसवत नव्हती. त्याला तिचा वंश वाढवायचा होता. अखेर मुजफ्फरच्या तगाद्याला कंटाळून त्याने चारचौघांत शब्द दिला: क्रमांक आला तर घोडी तांड्यातच राहील, न आला तर मुजफ्फरने न्यावी. चारचौघांत दिलेला शब्द तांड्यात कोणी फिरवत नाही.

तयारीत त्याने कसूर केली असे कोणी म्हणेल, तर ते खोटे ठरेल. चारही पाय चौरस रोवून उभे राहणे, दात पाहू देणे, खूर उचलू देणे, हे सारे गंगी शिकली. त्यासाठी त्याची बायको लालीबाई हिने किती गूळ खर्ची घातला, ते तिचे तिला ठाऊक. उरली गर्दीची भीती. तिच्यावर तांड्यापाशी घरचाच उपाय होता. फाल्गुनात तेथे डफ घुमतो आणि लेंगी, म्हणजे होळीची गाणी, रात्र रात्र रंगतात. भावसिंगाने गंगीला त्या फेराच्या मधोमध बांधले. आरंभी ती बिथरली. पुढे डफ थांबला की मान वर करून वाट पाहू लागली. होळी सरली तरी तो थांबला नाही. गंगीचा सराव आणि डफ, एकाविना दुसरे नाही.

"अवो, शेजारी कावले," लालीबाई म्हणाली. "होळीची राख झाली, तुमचा डफ काही इझत नाही."

"प्रदर्शनात काय ध्यान लावून बसतेत लोक? भोंगे वाजतीन, पोरं बोंबलतीन. घोडी बिचकली तं तूच म्हनशीन, काहून नाही शिकवलं!"

त्या सकाळी रिंगणाभोवतीच्या दोरखंडापाशी मुजफ्फर उभाच होता.

"भावसिंगभाऊ, लगाम नवा घेतला काय? बरं केलं. माहा खर्च वाचला."

"हासून घे. संध्याकाळी तुलेच पेढे चारतो."

परीक्षक डॉ. मैत्रेयी रिंगणात आल्या. जनावरे बुजू नयेत म्हणून भोंगे बंद करण्यात आले आणि प्रेक्षकांना मौन पाळण्याची विनंती झाली. लोकांनी ती मानली, हे त्या गावाच्या मानाने नवलच. मैदान चिडीचूप झाले.

गंगीचे कान उभे राहिले. गोंगाटाची सवय लावताना शांततेची ओळख करून द्यायची राहून गेली होती. ती मागे सरली, फुरफुरली, मग दोन पायांवर उभी राहिली आणि लगाम धरलेल्या भावसिंगाला तिने धुळीतून फरफटत नेले.

लालीबाईला राहवले नाही. दोरखंडाबाहेर पडलेली रिकामी बादली उचलून तिने तळावर थाप दिली आणि लेंगी धरली. गंगी थबकली. चारही पाय चौरस रोवून, मान ताठ करून, ती शिल्पासारखी उभी राहिली.

डॉ. मैत्रेयींनी दात, खूर, छाती, पाठ बारकाईने पाहिली. मग हाताने खूण करून गाणे थांबवायला लावले. गंगी उसळली. त्यांनी पुन्हा खूण केली, लालीबाई गायली, गंगी स्थिरावली.

"म्याडम, जनावरात खोट नाही," भावसिंग धापा टाकत म्हणाला.

"खोट नाहीच," डॉ. मैत्रेयी म्हणाल्या. "पण शांततेत जी उभी राहत नाही, तिला क्रमांक देता येत नाही. ही वरातीची घोडी आहे."