श्वासातला एसिटोन

आत्यानं साबणानं दुसऱ्यांदा हात धुतले, पार कोपरापर्यंत, आणि पुन्हा भाचीच्या तोंडाशी वाकली. वास तसाच होता.

"वहिनी, हिच्या श्वासाला एसिटोनचा वास येतोय."

"तुला काय, दिवसभर पार्लरात एसिटोननं लोकांची नेलपॉलिशं पुसत असतेस. सगळीकडे तोच वास येणार!" वहिनीनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "पोट बिघडलंय तिचं. झोपली की बरं वाटेल."

नऊ वर्षांची बिट्टी पलंगावर पडून लांब, खोल श्वास घेत होती. गेले दहा दिवस ती पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवत होती. फ्रॉक अंगावर लोंबायला लागला होता. वाढीचं वय म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. सकाळपासून मात्र दोन उलट्या झाल्या होत्या.

आत्यानं बिट्टीला सरळ उचलून खांद्यावर घेतलं.

"अगं, डॉक्टर हसतील आपल्याला!"

"हसू देत. चप्पल घाल."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. आत्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी बिट्टीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि नर्सला जोरात हाक मारली. बिट्टीला तडक आत नेऊन सलाईन लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिट्टी उशीला टेकून बसली आणि भूक लागली म्हणून कुरकुरली.

"मधुमेह आहे. साखर पेशींत शिरत नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणून शरीर चरबी जाळत सुटलं. त्यातून कीटोन तयार होतात, आणि एसिटोन हे त्यातलंच एक. आता रोज इन्सुलिन घ्यावं लागेल, पण पोरगी हाती लागली." त्या आत्याकडे वळल्या. "आता वास आहे का, बघता जरा? मला तो येतच नाही. पुष्कळांना येत नाही."

आत्या वाकली. डोळे मिटून तिनं बिट्टीचे चार-पाच श्वास जाऊ दिले.

"गेला," ती म्हणाली.

तेवढ्यात नर्सनं रिपोर्ट आणून दिला. कीटोन गेल्याचं त्यात वाचून डॉक्टरीणबाई खदखदून हसल्या.

"आमच्या लॅबच्या आधी पोचलात हो तुम्ही! दोन्ही वेळा."

आत्या ताठ उभी राहिली. हसू काही केल्या आवरेना. डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्यावर वहिनी हळूच म्हणाली,

"मलाही तो वास येत नव्हता गं. कधीच आला नाही."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पलंगाच्या कडेला बसून तिलाही शेजारी जागा करून दिली.