घासाघीस

आष्टीच्या बाजारात रंभा स्वतःच्या वावरातली वांगी विकायची. बाई म्हणून सरकारी ओळखपत्र मिळून वर्ष झालं होतं, पण किन्नराचा तळतळाट नको म्हणून कुणी तिच्याशी भावच करेना. सांगेल ते पैसे द्यायचे आणि वर तान्हं लेकरू पुढं धरायचे.

“अवो, मी वांगे विकून राह्यली, आशीर्वाद नाई!” रंभा वैतागून ओरडायची. “जरा भाव तर करा!”

आज नलूआजी नाक मुरडत दुकानासमोर बसली. “वीस रुपये पाव? अन् तेही किडके? लुटून राह्यली काय वं, बाई?”

“किडके कोणाले म्हणता?” रंभा कडाडली. दोघींचं भांडण असं पेटलं की आजूबाजूची गिऱ्हाइकं थबकली.

शेवटी पाच रुपये सोडून रंभानं डोळे पुसले. “आजी, पुढच्या बाजारातही भांडाले येजा.”